मिक्सर, गेन, इको आणि शिट्टी: भजनी मंडळं आणि छोट्या कार्यक्रमांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या आधीचे दोन आठवडे आणि सप्त्यांचा हंगाम, या दिवसांत मला साउंडबद्दल जे फोन येतात ते बहुतेक थेट मंडपातूनच येतात. मागे शिट्टी वाजत असते आणि फोन करणारा ओरडून बोलत असतो. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं ८ ते १६ चॅनलच्या साध्या अ‍ॅनालॉग मिक्सरला धरून दिली आहेत. डिजिटल मिक्सरवाल्यांनी प्रश्न १८ आधी वाचावा. एक सवय मात्र सगळ्यांनीच लावून घ्या: चॅनलची पट्टी (एका माइकची किंवा वाद्याची बटणांची उभी रांग) वरून खाली वाचायची. आवाज साधारण त्याच वाटेने उतरतो, त्यामुळे बिघाडही त्याच वाटेवर सापडतो.

१. वर्गणी काढून १२ चॅनलचा मिक्सर घेतला. घरी येऊन पाहतो तर माइक लावायला जागा फक्त ४! दुकानदाराने फसवलं का?

फसवलं नाही, पण नीट सांगितलंही नाही. इनपुट मोजताना कंपन्या स्टिरिओ पट्टीचे डावा आणि उजवा असे दोन धरतात. माइकच्या ४ पट्ट्या आणि स्टिरिओच्या ४, की झाले १२. स्टिरिओ पट्टीला बहुधा माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा प्रीअ‍ॅम्प नसतो. ती कीबोर्ड, लॅपटॉप, इलेक्ट्रॉनिक तानपुरा यांच्यासाठी असते. साध्या माइकला पी-३८ (पाव इंची जाड) पिन लावून तिथे खुपसला तर आवाज येतो, पण मुंगीच्या पावलांनी.

खोक्यावरचा आकडा न बघता कॅननची (तीन पिनांची गोल, म्हणजे एक्सएलआर) सॉकेट मोजा. गायक १, कोरस २, हार्मोनियम १, पखवाज २, निवेदन १, म्हणजे ७ झाले. मंडळाला ८ माइक प्रीअ‍ॅम्प असलेला मिक्सरच पुरतो. घेऊन बसलाच असाल तर एक पळवाट आहे. कॉर्डलेस माइकच्या बहुतेक रिसीव्हरचा पी-३८ आउटपुट पुरेसा जोरकस असतो. तो स्टिरिओ पट्टीत लावा आणि कॅननची जागा वायरच्या माइकला मोकळी ठेवा.

२. गेननेही आवाज वाढतो आणि फेडरनेही. मग दोन बटणं कशाला?

माइकमधून येतो तो काही मिलिव्होल्टचा सिग्नल. मिक्सरच्या पोटात काम चालतं ते व्होल्टाच्या हिशेबात. ही दरी भरून काढतो तो गेन. फेडर, म्हणजे खालचं सरकतं बटण, त्यानंतर येतो आणि तयार झालेल्या आवाजातला किती बाहेर सोडायचा एवढंच ठरवतो.

फरक कळतो तो चूक झाल्यावर. गेन जास्त झाला की आवाज पट्टीच्या तोंडाशीच फाटतो. मग फेडर खाली ओढला तरी तोच फाटका आवाज फक्त हळू ऐकू येतो. उलट गेन कमी ठेवून फेडर आणि मास्टर शेंडीपर्यंत नेले, तर आवाजासोबत मिक्सरची खरखरही तेवढीच वर येते. शिवाय गेन हलवला की मॉनिटर (गायकांकडे तोंड केलेला बॉक्स), इको, रेकॉर्डिंग सगळीकडे फरक पडतो. म्हणून गेन तालमीच्या वेळी एकदा लावायचा आणि कार्यक्रमात बोटं फेडरवर ठेवायची.

३. मग गेन नेमका किती? ३ वाजता की ५ वाजता?

नॉबचा काटा किती वाजता आहे याला काही अर्थ नाही. बुवांचा आवाज आणि शेजारच्या मुलीचा आवाज यांना एकच काटा कसा चालेल?

चॅनलवरचं पीएफएल बटण दाबा. काही मिक्सरवर त्याला सोलो म्हणतात. आता मीटरवर फक्त तोच चॅनल दिसतो. गायकाला 'हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणू देऊ नका, कारण ते सगळे कुजबुजल्यासारखं म्हणतात आणि अभंगाच्या शेवटच्या तुकड्याला छत उडवतात. त्याच्याकडून तो शेवटचा तुकडाच गाऊन घ्या. गेन हळूहळू वाढवत मीटर ० च्या आसपास आणा. अगदी जोरातल्या तानेला थोडा वर गेला तर चालेल. लाल पीक दिवा लागता कामा नये, लागला तर गेन जरा मागे घ्या. मग पीएफएल सोडून फेडर ० वर आणा. पुढच्या चॅनलला हेच.

४. फेडरवर ० वरच्या बाजूला आणि त्याखाली वाढते आकडे. मग ० म्हणजे बंद की चालू?

० म्हणजे 'आहे तसा जाऊ दे', कमी नाही आणि जास्तही नाही. वरचे आकडे वाढवण्याचे, खालचे कमी करण्याचे, आणि अगदी तळाला बंद. फेडरची पट्टी सारख्या अंतराने आखलेली नसते. अनेक मिक्सरवर +१० ते −१० एवढ्या २० डीबींना (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) वरची जवळजवळ निम्मी जागा मिळते, बाकी सगळे डीबी खालच्या निम्म्यात कोंबलेले असतात. तिथे बोट जरा हललं की आवाज दचकून वरखाली होतो. फेडर ० च्या जवळ ठेवायचा तो एवढ्याचसाठी. तिथे बारीक फरक हाताला साधतो.

५. फँटमचं बटण चुकून दाबलं गेलं. साधा माइक जळाला का?

नाही. फँटम म्हणजे मिक्सरने माइकला त्याच्या वायरीतूनच पुरवलेले ४८ व्होल्ट, पण ते कॅननच्या २ आणि ३ या दोन्ही पिनांवर सारखेच असतात. साध्या डायनॅमिक माइकच्या कॉइलला दोन्ही टोकांना एकच व्होल्टेज दिसतं, त्यामुळे तिच्यातून काही वाहत नाही. कंडेन्सर माइकला मात्र फँटमशिवाय आवाजच नाही.

जपायचं ते तीन ठिकाणी. जुने रिबन माइक, आतून तुटलेली किंवा चुकीची जोडलेली वायर, आणि लॅपटॉपपासून थेट कॅननपर्यंत कुणीतरी घरी बनवलेली केबल. छोट्या मिक्सरवर एकच बटण सगळ्या कॅननना फँटम देतं, हे विसरू नका. बटण दाबण्याआधी मास्टर खाली आणा. नाहीतर 'धप्प' होतं आणि पहिल्या रांगेतल्या आजी तुमच्याकडे बघतात.

६. मोबाइल किंवा लॅपटॉप कुठे लावायचा?

स्टिरिओ पट्टीत. एका टोकाला लहान स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या पी-३८ मोनो पिना, अशी केबल घ्या. फोनचा आवाज पाऊण भरून ठेवा आणि बाकीचं मिक्सरवर करा. फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका. नाहीतर आरती चालू असताना कुणाच्या तरी सासूबाईंचा कॉल सगळ्या गल्लीला ऐकू जातो.

७. लॅपटॉपवरून गाणं लावलं. वाद्यं खणखणीत, पण गायिका गायब! फाइल खराब आहे का?

फाइल ठणठणीत आहे, केबल चुकली आहे. हा प्रश्न मला फार आवडतो, कारण मी स्वतः यात तोंडघशी पडलो आहे. एका शाळेचं स्नेहसंमेलन होतं, २० मुली रंगमंचावर तयार होत्या. गाणं सुरू झालं तर फक्त ढोलकी आणि व्हायोलिन. मुलींना शब्दांवर पावलं टाकायची होती आणि शब्दच नव्हते. त्या एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. मी ईक्यू (बास-मिड-ट्रेबलचे नॉब) फिरवत बसलो, तोवर अर्धं कडवं गेलं होतं.

झालं होतं ते असं. दोन्ही टोकांना स्टिरिओ पिन असलेली केबल मी माइकच्या पट्टीतल्या पी-३८ सॉकेटमध्ये लावली होती. ते सॉकेट बॅलन्स्ड असतं. पिनेच्या टोकावर आणि कड्यावर जे येईल त्यांची ते वजाबाकी करतं. टोकावर डावा होता आणि कड्यावर उजवा. गायिकेचा आवाज दोन्हींत सारखा मिसळलेला असतो, तो वजा होऊन शून्य झाला. डाव्या-उजव्यात वेगवेगळी असलेली वाद्यं तेवढी उरली. प्रश्न ६ मधली केबल वापरा. अगदीच नसेल तर पिन पूर्ण न खुपसता अर्धी ठेवण्याचा जुगाड काही जण करतात. तो धक्का लागला की सुटतो, म्हणून मी सुचवणार नाही.

८. शिट्टी का येते आणि कोणतं बटण फिरवलं की जाते?

तुम्हाला एकच बटण हवं असतं हे मला माहीत आहे. ते नाही.

माइकमध्ये गेलेला आवाज स्पीकरमधून येतो आणि पुन्हा त्याच माइकमध्ये शिरतो. परत येताना तो निघाला त्याहून मोठा असेल, तर प्रत्येक फेरीला वाढत जातो. ज्या सुराला खोली, माइक आणि स्पीकर मिळून सगळ्यात जास्त साथ देतात, तो सूर आधी पेटतो. शिट्टी ही मिक्सरची खोड नाही, सगळ्या मांडणीची आहे. म्हणून उपायही मांडणीपासून.

स्पीकर माइकच्या पुढे आणा. मंडपात दोन्ही बॉक्स गायकांच्या पाठीशी भिंतीला टेकवलेले मी किती वेळा पाहिलेत त्याला गणती नाही. 'समोर ठेवले तर फोटोत येतात' हे त्याचं कारण. मग माइक तोंडाजवळ आणा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डीबींनी वाढतो, फुकटात. गायकाला माइकची जाळी मुठीत धरू देऊ नका. जाळीमागच्या फटींमुळेच माइक मागचा आवाज नाकारतो, त्या झाकल्या की तो चहूकडून ऐकू लागतो.

मग न लागणारे माइक बंद करा. सारख्या गेनचे उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधी मिळणारी जागा ३ डीबींनी घटते. १ ऐवजी ८ उघडे ठेवले तर ९ डीबी गेले. मॉनिटरची जागाही बघा. साध्या कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या) माइकची पाठ सगळ्यात बहिरी असते, म्हणून मॉनिटर त्याच्या थेट शेपटीमागे. सुपरकार्डिऑइडला (समोरून त्याहून अरुंद ऐकणाऱ्याला) मात्र थेट मागून थोडं ऐकू येतं, त्याचा मॉनिटर मागे पण थोडा तिरका.

एवढं करूनही कू ऐकू आली तर ईक्यूकडे जा. ज्या माइकची शिट्टी आहे त्याचाच मिड थोडा कमी करा. सगळ्यांचा ट्रेबल काढून टाकला तर शिट्टी जाईल, पण शब्दही जातील.

९. कीर्तनकारांच्या माइकमध्ये बुवांपेक्षा टाळच जास्त येतात. काय करावं?

पाठीशी वीस टाळकरी उभे आणि समोर कॉलर माइक लावलेले बुवा! कॉलर माइक छातीवर असतो, तोंडापासून वीतभर लांब, आणि बरेचसे चहूकडून ऐकणारे असतात. गेन वाढवाल तर टाळ आणि बुवा दोन्ही सारखेच वाढतील, प्रमाण तेच राहील. ते बदलायला माइकच तोंडाजवळ न्यावा लागतो. गालाला चिकटणारा हेड माइक द्या किंवा स्टँडवरचा साधा माइक. हेड माइकला बुवा नाही म्हणतात, फेट्यात अडकतो म्हणून. फेटा बांधण्याआधी माइक लावला की अडकत नाही.

टाळांसाठी वेगळा माइक लावू नका. टाळांना या जगात कुणाच्याही मदतीची गरज नाही.

१०. ऑक्स म्हणजे काय? त्यातही प्री आणि पोस्ट?

ऑक्स म्हणजे त्याच चॅनलमधून काढलेली दुसरी चूल. मुख्य स्वयंपाक फेडरवर चालतो आणि ऑक्सवर तुम्ही वेगळं मिश्रण करून वेगळीकडे पाठवता.

प्री ऑक्स फेडरच्या आधी निघतो. फेडर वरखाली केला तरी त्याच्यावर परिणाम होत नाही, म्हणून तो मॉनिटरसाठी. तुम्ही प्रेक्षकांसाठी हार्मोनियम कमी केली तरी गायकाच्या कानातला सूर जात नाही. पोस्ट ऑक्स फेडरच्या नंतर निघतो आणि फेडरसोबत वरखाली होतो, म्हणून तो इको-रिव्हर्बसाठी. काही मिक्सरवर हे निवडायला बारीक बटण असतं, काहींवर कायमचं ठरलेलं असतं. फेडर खाली करून मॉनिटरमध्ये आवाज राहतो का बघा, लगेच कळतं.

११. मिक्सरमध्ये ९९ इफेक्ट आहेत म्हणे. सगळे फिरवून पाहिले, इको येतच नाही.

इकोची वाट तीन फाटकांची आहे आणि तिन्ही उघडी लागतात. पहिलं, चॅनलवरचा एफएक्स (म्हणजे इफेक्टचा) नॉब. दुसरं, काही मिक्सरवर असणारा एफएक्स सेंडचा मास्टर. तिसरं, इफेक्ट परत आणणारा एफएक्स रिटर्नचा फेडर, तो मास्टरला जोडल्याचं बटण आणि त्याचा म्यूट. दहांतल्या नऊ वेळा हे तिसरं बंद असतं. कधी एफएक्सच्या फूटस्विचच्या सॉकेटमध्ये कुणीतरी भलतीच पिन घातलेली असते, तेही बघा.

१२. भजनाला कोणता इफेक्ट आणि किती?

आधी फरक. रिव्हर्ब म्हणजे गाभाऱ्यात गायल्यावर आवाज विरत जातो तसा. इको किंवा डिले म्हणजे दरीत हाक मारल्यावर तीच हाक परत यावी तसा.

मिश्रणासाठी माझी पद्धत अशी. रिटर्न इतका वाढवा की रिव्हर्ब ऐकू येईल, मग थोडा मागे घ्या, इतका की तो आहे हे कळू नये आणि बंद केला तर चुकल्यासारखं वाटावं. विलंबित गायकीला रिव्हर्ब लांब चालतो. जलद गजराला तो दीड सेकंदाच्या वर गेला की शब्दांचा चिखल होतो. पत्र्याच्या किंवा दगडी सभामंडपात रिव्हर्ब लावूच नका, देवळाने तो आधीच लावलेला आहे. हार्मोनियमला थोडा, पखवाजाला जवळजवळ नाहीच.

डिले लावायचा असेल तर लयीला बांधा. ६०,००० ला (मिनिटातले मिलिसेकंद) मिनिटातल्या मात्रांनी भागा. मिनिटाला ८० मात्रा असतील तर एका मात्रेला ७५० मिलिसेकंद, निम्मीला ३७५. बेताल इको चांगल्या गायकालाही बेताल करतो.

आणि बोलताना इफेक्ट बंद! मी एकदा म्यूट करायला विसरलो आणि अध्यक्ष उभे राहिले. 'बंधू आणि भगिनींनो-नींनो-नो-नो' झालं. त्यांना ते भारदस्त वाटलं असावं, कारण त्यांनी भाषण लांबवलं.

१३. गायकाचा फेडर पूर्ण खाली आहे, तरी बारीक आवाज येतोच. भूत आहे का?

तीन जागा बघा. एफएक्सचा ऑक्स प्री असेल तर फेडर खाली गेला तरी रिव्हर्ब चालूच राहतो (प्रश्न १०). मॉनिटरचा प्री ऑक्स चालू असेल तर तो आवाज मंचावरून प्रेक्षकांत पोहोचतो. नाहीतर गायकाचा आवाज शेजारच्या कोरसच्या माइकमध्ये शिरत असतो. पूर्ण गप्प करायचं असेल तर फेडर नको, म्यूट वापरा. काही मिक्सरवर म्यूट प्री ऑक्स बंद करतो, काहींवर नाही. हे तालमीतच तपासून ठेवा.

याचाच एक खोडकर भाऊ आहे. एफएक्स रिटर्न स्टिरिओ पट्टीत घेतला आणि त्याच पट्टीचा एफएक्स नॉब उघडा राहिला, तर इफेक्ट स्वतःलाच खाऊ घालतो आणि घुमत घुमत किंचाळतो. माइक सगळे बंद असूनही शिट्टी येत असेल तर आधी हा नॉब शून्यावर आणा.

१४. कंप्रेसर (जोराचा आवाज आपोआप दाबणारं यंत्र) ऑक्सवर लावला तर काही फरकच पडत नाही.

पडणार नाही, कारण मूळ आवाज बाजूच्या वाटेने तसाच चालला आहे. रिव्हर्ब मूळ आवाजात मिसळायचा असतो, म्हणून तो ऑक्सवर. कंप्रेसरमधून मूळ आवाजच जायला हवा, म्हणून तो इनसर्टवर. इनसर्टच्या एकाच सॉकेटमधून आवाज बाहेर जातो आणि परत येतो. बहुतेक मिक्सरवर टोक जाण्याचं आणि कडं येण्याचं असतं.

३:१ चं प्रमाण म्हणजे ठरलेल्या रेषेवर ९ डीबी गेलेला आवाज ३ डीबीच वर जातो. कुजबुज-किंकाळी करणाऱ्या वक्त्याला हे औषध छान लागू पडतं. पण दाबून मग एकूण वाढवलं की हळू क्षणी गेन वाढल्यासारखाच होतो आणि वक्ता थांबला की शिट्टी डोकं काढते. मोजकाच.

१५. पखवाजाच्या दोन्ही तोंडांना माइक लावले आणि धुमच गेली. एक बंद केला की येते!

एका पुडीवर थाप पडली की ती आत जाते आणि आतली हवा दुसरीला बाहेर ढकलते. समोरासमोरच्या माइकांना खालचा सूर एकमेकांच्या उलट ऐकू येऊ शकतो, मग बेरीज करताना तो कटतो. एका चॅनलवर फेज उलटवण्याचं बटण असेल तर दाबून ऐका. ज्या स्थितीत धुम भरीव, ती बरोबर. बटण नसेल तर धुमेच्या बाजूचा माइक मुख्य ठेवा आणि शाईकडच्या माइकचा लो कट (खालचे सूर कापणारं बटण) दाबा.

१६. ग्रुप (अनेक चॅनल एका फेडरवर घेण्याची सोय) वापरायला सुरुवात केल्यापासून कोरस भलताच जोरात येतोय.

कोरसचे चॅनल ग्रुपला जोडलेत आणि थेट मास्टरलाही. तोच आवाज दोन वाटांनी पोहोचतो, ग्रुपचा फेडर ० वर असेल तर ६ डीबी जास्त. त्या चॅनलवरचं थेट मास्टरचं बटण वर काढा. ही चूक ओळखायची खूण म्हणजे ग्रुपचा फेडर तळाला नेला तरी कोरस चालूच राहतो.

१७. लॅपटॉप लावला की 'घूं' आवाज सुरू होतो. चार्जर काढला की थांबतो.

निदान तुम्हीच केलंत. लॅपटॉप चार्जरमधून अर्थिंगला जोडलेला, मिक्सर त्याच्या प्लगमधून, आणि ऑडिओ केबलने दोघांचा गोल पूर्ण केला. त्या गोलात ५० आणि १०० हर्ट्झची घरघर फिरते. तात्पुरतं बॅटरीवर चालवा. कायमचं म्हणजे मध्ये डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये लागणारा छोटा डबा) घ्या आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्ट (ऑडिओ केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण) दाबा. सगळी उपकरणं एकाच बोर्डवरून चालवली तरी बराच फरक पडतो.

वायरमनने सुचवलं तरी प्लगची अर्थिंगची पिन कापू नका. पावसाळी मंडप, ओली जमीन आणि हातात लोखंडी माइक. घरघर परवडली.

१८. डिजिटल मिक्सर घेतला. गेन मीटर ० वर आणला तर आवाज तडकतो. तुम्हीच तर ० सांगता!

ते ० आणि हे ० वेगळे. अ‍ॅनालॉग मीटरवरच्या ० नंतर बहुधा १५-२० डीबी मोकळी जागा असते. डिजिटलवर ० म्हणजे छतच. त्यापुढे आकडेच नसतात, लाट सपाट कापली जाते. तिथे सरासरी −१८ च्या आसपास ठेवा, जोरातल्या ताना −६ पर्यंत येऊ द्या.

डिजिटलवर लेयर (त्याच फेडरांवरचा चॅनलांचा संच) बदलला की तोच फेडर दुसऱ्याच चॅनलचा होतो. घाईत चुकीचा माइक उघडण्याचं हेच कारण. आणि टॅबलेटवरून चालवणार असाल तर वायफायचा राउटर उंचावर ठेवा. रिकाम्या सभागृहात चालणारं वायफाय माणसं भरली की मान टाकतं.

१९. मिक्सरमधून रेकॉर्डिंग केलं. त्यात बुवा कानाशी आणि पखवाज जणू शेजारच्या गावात. कार्यक्रमात तर सगळं छान ऐकू येत होतं!

कार्यक्रमात पखवाज मिक्सरमधून नव्हे, थेट हवेतून ऐकू येत होता. लहान सभागृहात जे वाद्य मुळातच जोरात आहे त्याला तुम्ही थोडंच उचलता, आणि हळू असलेल्या गळ्याला जास्त. रेकॉर्डिंगला पोहोचतं ते फक्त हे उचललेलं. मिक्स जितका चांगला, तितकं रेकॉर्डिंग विचित्र!

दोन उपाय. एक ऑक्स रेकॉर्डिंगसाठी राखा आणि हेडफोन लावून त्यात पखवाज, टाळ वाढवा. किंवा सभागृहाच्या मध्यावर एक माइक लावून तो फक्त रेकॉर्डिंगला जोडा, मास्टरला नाही. टाळ्या, गजर, 'विठ्ठल विठ्ठल' म्हणणारे लोक, हे सगळं त्याच माइकमधून येतं, आणि परदेशी राहणाऱ्या लेकीला ते रेकॉर्डिंग खरं वाटतं ते त्यामुळेच.

मास्टरची वायर थेट मोबाइलच्या हेडसेट सॉकेटमध्ये घालू नका. तिथला इनपुट माइकसाठी असतो, लाइनचा आवाज त्यात फुटतो.

२०. मागच्या लोकांसाठी अर्ध्यावर दोन बॉक्स लावले. आता मागे शब्द दुहेरी ऐकू येतात.

वायरमधला आवाज तत्काळ पोहोचतो, हवेतला सेकंदाला साधारण ३४५ मीटर चालतो. मागचे बॉक्स पुढच्यांपासून २० मीटरवर असतील तर पुढचा आवाज तिथे सुमारे ५८ मिलिसेकंद उशिरा येतो. मागच्या बॉक्सना तेवढा डिले द्या, वर आणखी १० द्या. मग आवाज मंचाकडूनच येतोय असं वाटतं. प्रश्न १२ मधला इफेक्टचा डिले इथे चालत नाही. आउटपुटला डिले देणारा मिक्सर, प्रोसेसर किंवा तशी सोय असलेला बॉक्स लागतो. त्यातलं काहीच नसेल तर मागचे बॉक्स अगदी हळू ठेवा.

२१. आमचं मीटर ० च्या खाली होतं, तरी पोलिसांच्या मीटरवर ७८. कुणाचं मीटर चुकलं?

कुणाचंच नाही. मिक्सरचं मीटर वायरमधला सिग्नल मोजतं, पोलिसांचं हवेतला दाब. तुमच्या ० वर अ‍ॅम्प्लिफायर केवढा आणि बॉक्स किती यावर हवेत ६० डीबीही होतील आणि १२० ही.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेहून १० डीबी जास्त किंवा ७५ डीबी, यांतलं जे कमी तेवढाच. म्हणजे निवासी गल्लीत दिवसा ६५. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, त्या तारखा आधी विचारून घ्या.

फोनवरचं मोफत मीटर अंदाजापुरतं ठीक आहे, कागदोपत्री वादात कामाचं नाही. बॉक्स थोडे उंच करून तोंड श्रोत्यांकडे खाली वळवलं, तर तेवढाच आवाज ऐकवायला हद्दीवर कमी मोजला जातो.

२२. देवळात जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि चार भोंगे आहेत. त्यालाच नवा मिक्सर जोडता येईल?

येईल. मिक्सरचा मुख्य आउटपुट अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्स किंवा लाइन इनपुटला द्या, माइकच्या इनपुटला नाही. भोंगे १०० व्होल्ट लाइनवर (लांबच्या वायरींसाठीची जास्त व्होल्टेजची पद्धत) असतील तर त्या वायरी जशा आहेत तशाच राहू द्या. त्यांत साधा ८ ओहमचा बॉक्स मध्येच जोडला तर बॉक्स तरी जातो नाहीतर अ‍ॅम्प्लिफायर. मिक्सरवर ८०-१०० हर्ट्झचा लो कट सगळ्या माइकना दाबा, भोंग्याला बास तसाही काढता येत नाही. सुरू करताना आधी मिक्सर, मग अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना आधी अ‍ॅम्प्लिफायर. पुजाऱ्यांना हा क्रम बटणाशेजारी खडूने लिहून द्या, कारण काकड आरतीला पहाटे साडेपाच वाजता तुम्ही तिथे नसता.